खुलासा : ‘३०० अंशांचा कॅम टाका, ताकद वाढलीच’ हा संदेश चुकीचा आहे

कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि ड्युरेशन म्हणजे क्रँक किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते. चार सिलिंडरच्या कुठल्याही इंजिनात ड्युरेशन जितकं जास्त तितकी ताकद जास्त, बाकी काही बदलावं लागत नाही, असा संदेश सध्या फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे. ताकद वाढते, पण वरच्या आरपीएमला. खाली ती कमी होते.

हिशोब करून बघा. इनटेक (हवा आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) या दोन्ही व्हॉल्व्हचं ड्युरेशन २८० अंश आणि लोब सेपरेशन (कॅमवरच्या त्या दोन उंचवट्यांच्या मध्यांमधला कोन) ११० असेल, तर ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, ६० अंश येतो. ३०० ला तो ८० होतो. इनटेक सेंटरलाइनही (पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंतचे अंश) ११० धरली, तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचल्यानंतर ७० ऐवजी ८० अंशांनी बंद होतो. कमी वेगात तेवढी हवा परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आत आणणाऱ्या नळीत) ढकलली जाते. म्हणून आयडलिंग खडबडीत होतं, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो आणि ब्रेकला त्याची मदत कमी मिळाल्याने पेडल जड लागतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) न वाढवता असा कॅम बसवणं म्हणजे रोजच्या गाडीची वाट लावणं.

शिवाय ‘३०० अंश’ नेमके कुठे मोजले? व्हॉल्व्ह सीटवरून उठताना की १ मिमी लिफ्टला (व्हॉल्व्ह १ मिमी उघडल्यावर)? एकाच कॅमचे हे दोन आकडे बरेच वेगळे येतात. तुलना एकाच पद्धतीच्या आकड्यांची करा.

लिफ्ट वाढली की व्हॉल्व्हची स्प्रिंग पूर्ण दबून कॉइल एकमेकांना टेकत नाहीत ना, हे तपासा. किमान १ मिमी जागा हवी. पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हाताने फिरवा. दबलेल्या प्लॅस्टिसिनच्या जाडीवरून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कळतं; इनटेकला साधारण २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर लागतं. ही तपासणी केली नाही तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकू शकतात.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.