सिल्व्हरस्टोनचे १० सेकंद आणि दरवर्षीचा तोच फॉरवर्ड

जुलैत फॉर्म्युला वनच्या ब्रिटिश ग्रां प्रीचा आठवडा उजाडला की आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. यंदा चुलतभावानं टाकला. मजकूर साधारण असा:

"२०२१, सिल्व्हरस्टोन. हॅमिल्टननं मॅक्सला ५१ जीच्या धडकेनं हॉस्पिटलात पाठवलं. शिक्षा? फक्त १० सेकंद! आणि वर रेसही तोच जिंकला, म्हणजे शिक्षा झालीच नाही. दुसऱ्याची रेस संपवली तर तुझीही संपायला हवी. पण ड्रायव्हर ब्रिटिश, रेस ब्रिटिश, स्टुअर्डही ब्रिटिश. मॅक्सनं काही केलं की मात्र लगेच दंड. अबू धाबीला देवानंच हिशोब चुकता केला."

हॅमिल्टन म्हणजे तेव्हा मर्सिडीजकडून चालवणारा ब्रिटिश ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन, मॅक्स म्हणजे रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपेन, आणि स्टुअर्ड म्हणजे रेसचे पंच. आधीच सांगून टाकतो, मी मॅक्सचा माणूस. २०१६ ला बार्सिलोनात अठराव्या वर्षी तो पहिली रेस जिंकला तेव्हापासूनचा. सिल्व्हरस्टोनला तो गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट जोरानं टायरच्या भिंतीवर आदळला तेव्हा आमच्या घरात दोन मिनिटं कोणी बोललं नव्हतं. तरीही या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला खटकतं, आणि दरवर्षी गप्प बसायचाही आता कंटाळा आला.

सुरुवात सगळ्यात जास्त टाळ्या घेणाऱ्या वाक्यानं करू: "जिंकला, म्हणजे शिक्षा झालीच नाही."

१० सेकंदांचा दंड म्हणजे काय होतं ते आधी बघा. गाडी टायर बदलायला पिटमध्ये येते, आपल्या जागेवर थांबते आणि मेकॅनिक हात मागे घेऊन उभे राहतात. १० सेकंद होईपर्यंत गाडीला कोणी बोटही लावायचं नाही. टायर बदलायचं काम त्यानंतर सुरू. हे १० सेकंद सगळ्यांना सारखेच, पण त्यांची किंमत सारखी नसते. मागची गाडी किती जवळ आहे आणि आपली किती वेगवान आहे, यावर ती ठरते. त्या दिवशी हॅमिल्टन दंड भोगून बाहेर आला, नॉरिसला गाठलं, बोटासला संघानंच बाजूला व्हायला सांगितलं आणि ५२ पैकी पन्नासाव्या लॅपला त्यानं लेक्लेरलाही मागे टाकलं. पुढे ३.८७१ सेकंदांनी जिंकला.

आता याच माणसाचे आणखी दोन दंड बघा. दोन्ही वेळा समोर रेड बुलच होती. ब्राझील, २०१९: शेवटच्या काही लॅप्समध्ये त्यानं ऍलेक्स अल्बनला ठोकलं. अल्बनचा आयुष्यातला पहिला पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, हातातून गेला. हॅमिल्टनला दंड किती? ५ सेकंद. पण सेफ्टी कारमुळे (अपघातानंतर सगळ्यांना हळू, रांगेत चालवायला लावणारी गाडी) सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून होत्या, त्यामुळे तो तिसऱ्यावरून थेट सातवा झाला. ऑस्ट्रिया, २०२०: पुन्हा अल्बन, पुन्हा ५ सेकंद. रेषा दुसऱ्या क्रमांकावर ओलांडली आणि निकालात चौथा लागला, कारण मागून आलेला नॉरिस ४.८०२ सेकंदांवर होता. ०.१९८ सेकंदाच्या फरकानं नॉरिसला पहिला पोडियम मिळाला.

म्हणजे ५ सेकंदांनी एकदा चार जागा गेल्या, एकदा दोन गेल्या, आणि १० सेकंदांनी एकही नाही. यात पक्षपात शोधायचा तर घड्याळाला जाब विचारावा लागेल. जो जिंकेल त्याला जिंकू न देण्याइतका दंड द्यायचा असं ठरवलं, तर स्टुअर्डना आधी निकालाचं भविष्य सांगावं लागेल आणि मग त्यावरून दंड ठरवावा लागेल. तो न्याय मॅक्सला तरी परवडेल का? त्याच्याकडे येतोच.

त्या दिवशी हॅमिल्टनला जी खरी लॉटरी लागली तिचा या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. ती लॉटरी म्हणजे लाल झेंडा. धडकेत त्याच्या डाव्या पुढच्या चाकाचं रिम गेलं होतं. रेस चालू राहिली असती तर गाडी पुढे गेली नसती, असं मर्सिडीजच्या लोकांनीच नंतर सांगितलं. पण लाल झेंडा लागला, रेस थांबली आणि थांबलेल्या वेळात गाडी दुरुस्त करायला, टायर बदलायला नियमानंच परवानगी आहे. ज्याच्या चुकीनं रेस थांबली त्यालाच थांबलेल्या रेसचा फायदा! राग काढायचा तर या नियमावर काढा, मी तुमच्या पुढे उभा राहीन. पण त्यावर कोणी फॉरवर्ड काढत नाही, कारण नियमाला शिव्या घालण्यात मजा नसते. शिव्या घालायला चेहरा लागतो.

पुढचं वाक्य: "दुसऱ्याची रेस संपवली तर तुझीही संपायला हवी."

हे ऐकायला रास्त वाटतं. पण पायचीतचं अपील झालं की अंपायर चेंडू कुठे टप्पा पडला, कुठे लागला ते बघतो. फलंदाज ९९ वर आहे की भोपळ्यावर, हे बघत नाही. स्टुअर्डही चूक किती मोठी ते तोलतात, नुकसान किती झालं ते नाही. कारण ही धडक झाली त्या कॉप्ससारख्या वळणावर, जिथे गाड्या ताशी २९० किलोमीटरच्या आसपास असतात, तिथे तोच स्पर्श चार इंच इकडे झाला तर नुसता रंग खरवडतो आणि चार इंच तिकडे झाला तर माणूस हॉस्पिटलात जातो. तेवढ्या अंतरावर ड्रायव्हरचा ताबा नसतो. त्याचा ताबा असतो तो वळणात कुठल्या रेषेनं शिरायचं यावर.

स्टुअर्डनी नेमकं तेच पाहिलं. निकालपत्र चार-पाच ओळींचंच आहे. त्याचा मथितार्थ असा: मॅक्स किंचित पुढे, हॅमिल्टन आतल्या बाजूला. आत जागा असतानाही हॅमिल्टन वळणाच्या आतल्या कडेपर्यंत गेला नाही. मॅक्स वळला, हॅमिल्टननं स्पर्श टाळला नाही, त्याचं डावं पुढचं चाक मॅक्सच्या उजव्या मागच्या चाकाला लागलं. म्हणून दोष 'प्रामुख्यानं' हॅमिल्टनचा. सगळा दोष, असं त्यात म्हटलेलं नाही. आणि गंमत बघा, पन्नासाव्या लॅपला त्यानं लेक्लेरला मागे टाकलं ते याच वळणावर, याच आतल्या बाजूनं. या वेळी तो कडेच्या बराच जवळ राहिला, लेक्लेर बाहेर सरकला आणि कुणाला ओरखडाही आला नाही. चूक म्हणजे काय याचा इतका स्वच्छ नमुना एकाच रेसमध्ये क्वचितच बघायला मिळतो. दोन्ही क्लिप शेजारी शेजारी लावून बघा.

तेव्हा स्टुअर्डच्या हातात ५ सेकंद, १० सेकंद, ड्राइव्ह-थ्रू (न थांबता पिटमधून जाऊन येणं), स्टॉप-अँड-गो (पिटमध्ये थांबून, टायरही न बदलता पुन्हा निघणं) अशा चढत्या पायऱ्या होत्या. ड्राइव्ह-थ्रू दिला असता तर मी त्यांना चूक म्हटलं नसतं. १० सेकंदांनाही म्हणत नाही.

परिणाम बघून शिक्षा दिल्याचं उदाहरण सापडतं, नाही असं नाही. २०१२ ला स्पा इथे ग्रोजाँनं पहिल्याच वळणावर गाड्यांचा ढीग केला. अलोन्सोची गाडी त्याच्या गाडीखाली जवळपास चिरडली गेली. ग्रोजाँला एका रेसची बंदी झाली, आणि विजेतेपदाच्या शर्यतीतले ड्रायव्हर यामुळे बाद झाले, असं स्टुअर्डनी निर्णयात लिहिलं. त्यावर तेव्हाच प्रश्न उठला: म्हणजे मागच्या रांगेतल्या गाडीला उडवलं असतं तर चाललं असतं? छोट्या संघातून चालवणाऱ्या आपल्या नारायण कार्तिकेयनला हे विचारून बघा. त्याच वर्षी मलेशियात व्हेटेलचा टायर त्याच्या गाडीला लागून फुटला, तर दंड नारायणला झाला आणि वरून व्हेटेलनं त्याला भर कॅमेऱ्यासमोर काकडी म्हटलं. समोर कोण होता यावर शिक्षा ठरायला लागली, तर छोट्या संघांनी मोठ्यांना वाट देत कडेकडेनंच चालवायचं.

"रेस ब्रिटिश, स्टुअर्ड ब्रिटिश." यजमान देशाचा एक स्टुअर्ड मंडळात असतोच, ते प्रत्येक देशात असतं. सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश माणूस बसला यात शोध लागण्यासारखं काही नाही. पासपोर्टवरून निकाल लागत असते तर २०१९ चं कॅनडा समजावून सांगा. व्हेटेल, फेरारीत, पहिला आला. ५ सेकंदांचा दंड लागला आणि विजय हॅमिल्टनला गेला. व्हेटेलनं चिडून गाड्यांसमोरच्या '१' आणि '२' च्या पाट्याच बदलून ठेवल्या. त्या मंडळात ड्रायव्हर-स्टुअर्ड, म्हणजे माजी ड्रायव्हर म्हणून बसणारा स्टुअर्ड, कोण होता? इमॅन्युएल पिरो. इटालियन! त्याच्यावर पुढे फेरारीवाल्यांनीच शिव्यांचा पाऊस पाडला.

याच्याही मागे जा. २००८ च्या स्पाला हॅमिल्टन जिंकला, मग २५ सेकंद लागले आणि विजय फेरारीच्या मासाला मिळाला. तेव्हा इंग्लंडमधले चाहते एफआयए (हा खेळ चालवणारी जागतिक संस्था) म्हणजे 'फेरारी इंटरनॅशनल असिस्टन्स' असं म्हणत फिरत होते. अक्षरं तीच, संस्था तीच, फक्त विकली गेल्याचा आरोप दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावावर. २०२४ ला मेक्सिकोत मॅक्सला दोनदा १०-१० सेकंद लागले आणि मंडळात ब्रिटिश माजी ड्रायव्हर जॉनी हर्बर्ट होता, तेव्हा पासपोर्टची चर्चा पुन्हा पेटली. स्वतः मॅक्सही तसं बोलला. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात ऑस्टिनला ५ सेकंद कोणाला लागले, पोडियम कोणाचा गेला आणि तो कोणाला मिळाला? लागले नॉरिसला, जो ब्रिटिश आहे, आणि पोडियम मिळाला मॅक्सला. तो निकाल आमच्या ग्रुपवर कोणी फॉरवर्ड केला नव्हता. मीही नाही, खरं सांगायचं तर.

"मॅक्सनं काही केलं की लगेच दंड." इथे मला सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं होतं, कारण त्याच २०२१ मध्ये मॅक्सला लागलेले दंड आठवायला लागतात. मोंझाला त्याची गाडी हॅमिल्टनच्या डोक्यावर चढली. हेलो, म्हणजे डोक्यावरची संरक्षक कमान, नसती तर काय झालं असतं, ते फोटोत दिसतं. दोष 'प्रामुख्यानं' मॅक्सचा, अगदी सिल्व्हरस्टोनचाच शब्द. परवान्यावर दोन दंड-गुण, तेही सिल्व्हरस्टोनइतकेच. शिक्षा: पुढच्या रेसला ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, तीन जागा मागे. पुढची रेस सोचीला होती. रेड बुलनं तिथे नवं इंजिन बसवलं आणि त्यामुळे तो नाहीतरी सगळ्यात मागून, विसाव्या जागेवरून सुटणार होता. विसाव्याच्या मागे तीन जागा कुठून आणायच्या? दंड हवेत विरला आणि मॅक्स दुसरा आला. "शिक्षा झालीच नाही" हे वाक्य कुठे शब्दशः लागू होत असेल तर इथे. जेद्दाला ५ आणि वर १० सेकंद लागले, तरी दुसरा क्रमांक जागचा हलला नाही.

आणि त्याच वर्षीची ब्राझीलची रेस, इंटरलागोस! अठ्ठेचाळिसाव्या लॅपला चौथ्या वळणावर मॅक्सनं हॅमिल्टनला पार ट्रॅकबाहेर नेलं आणि स्वतःही बाहेर गेला. चौकशीसुद्धा झाली नाही. त्याच वर्षी जुलैत, सिल्व्हरस्टोनच्या दोन आठवडे आधी, ऑस्ट्रियात पेरेझला बाहेर ढकलल्याबद्दल नॉरिसला ५ सेकंद आणि लेक्लेरला बाहेर ढकलल्याबद्दल पेरेझला दोनदा ५ सेकंद मिळाले होते. स्टुअर्ड प्रत्येक रेसला बदलतात आणि एकच गोष्ट एकीकडे दंड, दुसरीकडे "चालतंय की" ठरते, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. २०२५ मध्ये एफआयएनं दंडाचा तक्ता आणि कोण कोणाला किती जागा देणं लागतो याच्या सूचना सगळ्यांसाठी खुल्या केल्या, त्या या तक्रारी साठत गेल्यामुळेच. पण हा मुद्दा मांडायला गेलात की त्या वर्षी या गोंधळाचा सगळ्यात मोठा लाभार्थी इंटरलागोसला रेड बुलच्या निळ्या गाडीत बसलेला दिसतो.

राहिला अबू धाबीचा देव. तिथे मोसमाच्या शेवटच्या रेसच्या शेवटच्या लॅपला मॅक्सनं हॅमिल्टनला मागे टाकलं आणि विजेतेपद घेतलं. दोन गोष्टी एकात एक घातल्या आहेत. सिल्व्हरस्टोनचा निर्णय स्टुअर्डचा होता. अबू धाबीला सेफ्टी कार आत घेण्याचा निर्णय रेस डायरेक्टर मायकल मासीचा होता, आणि रेस डायरेक्टर दंड देत नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या खात्यावर कशी चुकती होणार? एफआयएनं मार्च २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात मानवी चूक झाल्याचं मान्य केलं, आणि मासी त्या खुर्चीवरून त्याआधीच गेला होता.

मॅक्स जिंकला त्या रात्री मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो. एक लॅप मागे असलेल्या गाड्यांपैकी पाचच पुढे सोडल्या होत्या, नॉरिस, अलोन्सो, ओकॉन, लेक्लेर आणि व्हेटेल, म्हणजे नेमक्या हॅमिल्टन आणि मॅक्सच्या मधल्या. हे मी दुसऱ्या दिवशी शांतपणे रेस परत बघितली तेव्हा लक्षात आलं. मॅक्सच्या मागच्या गाड्यांना तशी मुभा मिळाली नाही. त्यांच्याही मागे तिसऱ्या क्रमांकावर साइन्झ होता, फेरारीत. शेवटच्या लॅपला झुंज द्यायचा हक्क त्यालाही होता, पण त्याच्यासमोर रिकियार्डो आणि स्ट्रोलच्या गाड्या तशाच उभ्या ठेवल्या. त्याच्या नावानं आजवर एकही फॉरवर्ड माझ्याकडे आलेला नाही.