बुडत्याचा नंबर पहिला

बोट घेतली तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाला फोटो पाठवलेत. आता इंजिन मेलंय, डेकवर पाय टाकला की पुठ्ठ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि धक्क्याचं भाडं मात्र दर महिन्याला न चुकता द्यावं लागतंय. विकायला काढलीत. एक जण बघायला आला, सगळी बोट फिरला आणि म्हणाला, दोरी चांगली आहे.

घाबरू नका. नकोशी बोट टाकायची एक रीत आहे, ती नीट पाळली की तुमचा एक पैसा जात नाही.

आधी प्रामाणिकपणाचा मोह आवरा. बोट लोखंडाची असती तर भंगारात चार पैसे आले असते. तुमची फायबरग्लासची, म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना चिकटवून धरणारं रेझिन. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. कुजणार नाही, गंजणार नाही, असं सांगून 1960-70च्या दशकांत या बोटी धडाधड खपवल्या. विकणारे खरंच बोलत होते, त्या अजूनही कुजलेल्या नाहीत. अशी बोट रीतसर मोडायची तर आधी डिझेल, ऑइल, बॅटऱ्या आणि संडासाची टाकी काढायची, मग ओढून जमिनीवर आणायची, यंत्राने चिरडायची आणि कचराभूमीत वजनावर पैसे भरून पुरायची. नाकापेक्षा मोती जड.

आता कोणी तरी शहाणा सांगेल की सरकारच बोट फुकट घेतं. खरं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2010 पासून नकोशी बोट स्वखुशीने जमा करायची सोय आहे. राज्य स्थानिक संस्थांना अनुदान देतं, त्या तुमची हौसेची बोट घेतात आणि मोडतात. वॉशिंग्टन राज्यातही 2014 पासून अशी योजना आहे. बोट 45 फुटांपेक्षा लहान हवी, मालक राज्याचा रहिवासी हवा आणि मोडण्याचा खर्च त्याला झेपणारा नको. पण यात मोठा धोका आहे. तिथे मालकीचे कागद मागतात. सही करावी लागते. म्हणजे बोट तुमची होती हे लेखी कबूल करावं लागतं, आणि सगळा खेळ तर तेच टाळण्याचा आहे.

म्हणून एखाद्या संध्याकाळी बोट ओढत दूरच्या शांत खाडीत न्या आणि नांगर टाकून या. निघताना बाजूचे नोंदणी क्रमांक खरवडा. मागच्या बाजूला उजवीकडे वर बारा अक्षरं-आकड्यांचा ओळख क्रमांक कोरलेला असतो, तो बहुतेक जण विसरतात आणि तिथेच पकडले जातात. पकडले गेलात तर? कॅलिफोर्नियात बोट सोडून देण्याचा दंड 1,000 ते 3,000 डॉलर आहे. मोडण्याचा खर्च सहज याच्या वर जातो. गणित तुम्हीच करा.

खरवडायचा कंटाळा असेल तर बोट एक डॉलरला विका. ज्याला डोक्यावर छप्पर हवंय आणि विमा-भाडं काही परवडत नाही, असं गिऱ्हाईक शोधा. तो तुमचे आभारही मानेल. मग पाणी उपसायचा पंप बंद पडून केबिनमध्ये पाणी शिरेल तेव्हा नोटीस त्याच्या नावावर निघेल आणि तुम्ही काखा वर करायला मोकळे.

यानंतर काहीही करू नका. धीर धरणं हाच या रीतीचा गाभा आहे. सरकारी पैसा थोडा आणि बोटी पुष्कळ, म्हणून उचलायच्या बोटींचा क्रम धोक्यावरून लावतात. तरंगणारी बोट मागे राहते, बुडायला आलेली पुढे जाते. जो सरळमार्गी माणूस अर्ज भरून, कागद जोडून, बोट कोरडी ठेवून थांबलाय, तो थांबतोच. तुमची खाडीत आडवी होऊन डिझेल ओकायला लागली की त्याच दिवशी माणसं धावत येतात. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, इथे बुडत्याचा नंबर पहिला.

कला मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर वॉशिंग्टनमधल्या पेन कोव्हचं उदाहरण घ्या. मे 2012 मध्ये ‘डीप सी’ नावाची, तिथे नांगरून सोडलेली जुनी खेकडेमारी बोट पेटली आणि बुडाली. तेल पसरलं आणि तिथल्या शिंपल्यांची काढणी थांबवावी लागली. त्याच्या आधी कोलंबिया नदीत ‘डेव्ही क्रॉकेट’ या जुन्या जहाजाच्या मालकाने स्वतःच ते भंगारासाठी कापायला घेतलं. जहाज वाकलं, तेल नदीत गेलं, साफसफाईला 2 कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. मालकाला तुरुंगवास झाला खरा, पण चार महिन्यांचा. 2 कोटींना चार महिने, हा भाव कुठल्या बाजारात मिळतो सांगा.

पुढे या राज्याने कायदा कडक केला. 65 फुटांहून लांब आणि 40 वर्षांहून जुनी बोट विकायची तर घेणाऱ्याकडे विमा आहे याची खात्री विकणाऱ्याने करायची, नाहीतर पुढची जबाबदारी त्याच्याही गळ्यात. तुमची बोट 64 फुटांची असेल तर अभिनंदन. फ्रान्सचं मात्र नावही काढू नका. तिथे 2019 पासून बोटी बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनाच मोडणीचे पैसे भरावे लागतात, मालकाने बोट केंद्रापर्यंत पोचवली की झालं. अशा देशात माणसाच्या कल्पकतेला काय वाव राहणार!

असो. एक दिवस तुमची खाडी रिकामी दिसेल. गंगेत घोडं न्हालं. आता नवी बोट घ्यायला हरकत नाही. वॉशिंग्टनमध्ये असाल तर नोंदणीच्या वेळी पावती नीट वाचा, तिच्यात काही डॉलर बेवारस बोटी उचलण्याच्या निधीसाठी कापलेले असतात. तिथल्या तिथे खिडकीवर आवाज चढवा आणि विचारा, लोकांनी वाटेल तिथे बोटी टाकायच्या आणि भुर्दंड आम्ही का भरायचा?