बर्फ कुणाचा?

रात्रीत हातभर बर्फ पडला की बॉस्टनमधली माझी सकाळ फावड्याने सुरू होते. बर्फ थांबल्यापासून ३ तासांत घरासमोरचा फुटपाथ मोकळा हवा, वाट किमान ४२ इंच रुंद. रात्री पडला असेल तर सूर्योदयापासून ३ तास. फुटपाथ शहराचा, कंबर माझी. चुकलं तर दंड. घराच्या पायऱ्यांवर मात्र दंडाने भागत नाही, तिथे कुणी घसरून हाड मोडलं तर दावा थेट माझ्यावर.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली, तेव्हा पुण्याहून धाकट्या भावाचा मेसेज आला, "दादा, आता आपलंही अमेरिकेसारखं!"

अमेरिकेचं इतकं मनावर घेऊ नकोस, म्हटलं. बॉस्टन ज्या राज्यात आहे, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१० पर्यंत उलटाच न्याय होता. आभाळातून पडलेला बर्फ तसाच पडू दिला की मालक सुटायचा. फावड्याने ढीग केला, तो वितळून पुन्हा गोठला, की 'हा तुझा बर्फ' म्हणून अडकायची भीती. म्हणजे आळशाला अभय! डॅनव्हर्सच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये घसरलेल्या माणसाचं प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हा भेद मोडीत निघाला. आता मालकाने पुरेशी काळजी घेतली का, एवढंच बघतात.

तरी बर्फ फसवतोच. दुपारी पन्हळीतलं पाणी पायरीवर ठिबकतं, रात्री त्याची काच होते आणि सकाळी पायरी नुसती ओली दिसते. एकदा मीच आपटलो. फिर्यादीही मी, आरोपीही मीच!

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात मला पटलं ते वसुलीचं. भरपाई दोषी अधिकारी आणि कंत्राटदाराकडून घ्यायची. नाहीतर महापालिका देणार म्हणजे आपल्याच घरपट्टीतून. वसुली किती होईल याबद्दल माझ्या मनात शंका आहे, पण निदान कुणाचा तरी खिसा दाखवला.

खड्ड्यांवर तावातावाने बोलणारा माझा भाऊ सोसायटीच्या कमिटीवर आहे. पावसाळ्यात त्यांच्या मागच्या जिन्यावर शेवाळ धरतं. दोन वर्षांपूर्वी आई तिथेच घसरली, मनगट मोडलं. त्यावर मीटिंग झाली. जिना 'कॉमन', त्यामुळे घासायचा कुणी हे ठरेना. शेवटी पाटी लागली : 'जिना निसरडा आहे, जपून चालावे.'

शेवाळ अजून आहे. पाटीवरही थोडं चढलंय.