डब्यातली जुनी वायर कुणाची तरी असते

आज सकाळी राजारामपुरीतल्या एका रुग्णालयातून फोन आला की अतिदक्षता विभागाचे एक्स्टेंशन रात्रीपासून बंद आहे. तिथे जाऊन जिन्याखालचा क्रोनचा डबा, म्हणजे टेलिफोनच्या तारांच्या जोड्या जिथे एकमेकींना जोडतात तो डबा, उघडला आणि पाहतच राहिलो. मी स्वतः ओढलेले जंपर (जोडतारा) मुळापासून कापलेले होते, नखाएवढी निळी-पांढरी टोके मॉड्यूलच्या खाचांत तशीच अडकली होती आणि माझ्या हाताने ‘अतिदक्षता’, ‘शस्त्रक्रिया’, ‘रक्तपेढी’ असे लिहिलेली पट्टी फरशीवर पडली होती. शेजारी संगणकांच्या नेटवर्कचा नवा २४ पोर्टांचा स्विच बसवलेला होता.

नेटवर्कचे काम करणारा मुलगा तिथेच होता. “काका, त्या जुन्या वायरी बंद असतील असं वाटलं,” तो म्हणाला.

असतील असे वाटले! जोडीला टेस्ट फोन लावून डायल टोन ऐकायला अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट वाचवल्यामुळे रात्रपाळीच्या सिस्टरना रक्ताची पिशवी मागवण्यासाठी रुग्णाला सोडून दोनदा दोन मजले खाली उतरावे लागले. हे त्यांनीच मला सांगितले, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

टेलिफोनचे काम म्हणजे मागे पडलेले काम, ते कुणीही उरकावे, असा समज आता सगळीकडे पसरला आहे. एक्स्चेंजच्या लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजते तेव्हा त्यावर सुमारे ७५ व्होल्ट एसी येतो. हे ज्याला ठाऊक नाही, तो उद्या तीच जोडी स्विचच्या पोर्टला लावून बसेल. टेलिफोनचा लहान प्लग नेटवर्कच्या सॉकेटात सहज शिरतो, पण शिरतो म्हणून ती त्याची जागा ठरत नाही. आम्ही पंचवीस जोड्यांच्या केबलचे रंग पाठ करत, भिजलेल्या जॉइंटमधली खरखर कानाने ओळखत हे काम शिकलो. ते ज्ञान नेटवर्कच्या मुलांना नसले तर त्यात कमीपणा नाही. नसताना कटर चालवणे मात्र मला सहन होत नाही.

आयपी फोन आल्यापासून आवाज आणि वीज दोन्ही नेटवर्कच्याच केबलमधून येतात, त्यामुळे तिथे त्यांचाच अधिकार, हे मला मान्य करावे लागते.

आणि आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत आयपी फोन लावायला पोर्ट मिळेना, म्हणून मी स्विचमधली एक पॅच कॉर्ड कुणालाही न विचारता काढली आणि त्यांची बिले तासभर अडकली. तिथल्या नेटवर्कवाल्याने आवाज न चढवता कॉर्ड परत लावली, व्हीलॅन (एकाच स्विचवर आखलेली वेगवेगळी नेटवर्क) म्हणजे काय ते मला समजावले आणि पुढच्या वेळी फोन करा म्हणाला. आज त्या मुलावर ओरडायला तोंड उघडले तेव्हा तोच माणूस आठवला आणि माझा आवाज खाली आला.

मुलाचे वय चोवीस-पंचवीस असेल. त्याला कामासाठी दोन दिवस दिले होते आणि ‘सगळ्या वायरी तूच बघ’ असे सांगितले होते. खरा राग येतो तो इथे! एकाच ठेक्यात दोन धंदे कोंबायचे, दोघांतल्या एकालाच बोलवायचे, आणि फोन बंद पडला की त्याने माझ्याकडे व मी त्याच्याकडे बोट दाखवत बसायचे. तोवर सिस्टर जिने उतरत राहणार. क्रोनच्या डब्यावर माझे नाव आणि नंबर असावा, रॅकवर त्याचा असावा, आणि दुसऱ्याच्या हद्दीतले काही कापण्याआधी एक फोन जावा, एवढे ठेका देणाऱ्यांनी कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे?

रक्तपेढीची जोडी सर्वांत आधी जोडली. मी पंचिंग करत, म्हणजे तारा मॉड्यूलच्या खाचांत दाबून बसवत होतो आणि तो मुलगा काही न बोलता बॅटरी धरून उभा होता. दुपारपर्यंत हिशेब विभागाच्या दोन जोड्या सोडून बाकी सगळ्या चालू झाल्या. उद्या दहा वाजता टोनर (तारेत आवाज सोडून तिचे दुसरे टोक शोधायचे यंत्र) घेऊन जाणार आहे, आणि तो मुलगाही येतो म्हणाला आहे.