टंबल टर्न हौशी पोहणाऱ्यांनीही शिकावा

उन्हाळी बॅच सुरू झाल्या की पोहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टंबल टर्नबद्दल, म्हणजे भिंतीपाशी पाण्यातच कोलांटी मारून पायांनी भिंत ढकलत वळण्याबद्दल, एक सल्ला हमखास फिरतो: ‘टंबल टर्न स्पर्धकांसाठी असतो, हौशी लोकांनी त्याच्या नादी लागू नये. नाकात पाणी जातं, गरगरतं, आणि भिंतीला ढकलून फुकटचं अंतर मिळत असल्याने व्यायामही कमी होतो. भिंत धरून वळणं पुरेसं आहे.’ या सल्ल्यामुळे उत्तम पोहणारी माणसंसुद्धा प्रत्येक लेंग्थच्या, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराच्या, शेवटी थबकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘स्पर्धकांसाठी असतो.’ वळणाची ताकद स्पर्धकांकडे पाहून कळते हे खरं. ऑस्ट्रेलियाच्या काइल चाल्मर्सने जुलै 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइल 47.08 सेकंदांत पोहून रौप्यपदक मिळवलं. तलाव 50 मीटरचा, म्हणजे वळण एकच. तीन महिन्यांनी रशियातल्या कझानला 25 मीटरच्या तलावात, तीन वळणं घेऊन, तेच अंतर त्याने 44.84 सेकंदांत कापलं. भिंतीला पायांनी ढकलून सुटलेलं शरीर हात मारून येतो त्यापेक्षा जास्त वेगाने निघतं, आणि हा नियम तुमच्या-माझ्यासाठी बदलत नाही. 25 मीटरच्या तलावात एक किलोमीटर पोहायला 39 वेळा वळावं लागतं. इतक्या वेळा करायची गोष्ट नीट शिकू नका, असं कसं सांगता येईल?

‘व्यायाम कमी होतो.’ यात थोडं तथ्य आहे. चांगला पुश घेतला की हात कमी मारावे लागतात. पण भिंत धरल्यावर डोकं वर येतं, पाय खाली जातात, दोन मोठे श्वास होतात. प्रत्येक वेळी दोनच सेकंद धरले तरी किलोमीटरमागे 78 सेकंदांची विश्रांती झाली. टंबलमध्ये ती मिळत नाही, म्हणून दमसास वाढवायला तोच जास्त उपयोगी. हात कमी पडले असं वाटत असेल तर दोन लेंग्थ जास्त पोहा.

‘नाकात पाणी जातं.’ जातंच, पण त्याचं कारण साधं आहे. उलटं झाल्यावर नाकपुड्या वर होतात, आतली हवा निसटते आणि पाणी शिरतं. हनुवटी छातीला लावल्यापासून पाय भिंतीला टेकेपर्यंत नाकातून हळूहळू हवा सोडत राहायचं, तोंड मिटून गुणगुणल्यासारखं. सगळी हवा पहिल्याच क्षणी सोडली तर शेवटी उरत नाही, आणि नेमकं तेव्हाच पाणी जातं.

हे भिंतीपाशी शिकायला जाऊ नका. छातीभर पाण्यात, भिंतीपासून लांब, नुसत्या कोलांट्या मारा. मग चार वेळा हात मारून कोलांटी. दोन्ही तळहात मांड्यांपाशी ठेवा आणि गुडघे पोटाशी घ्या, म्हणजे शरीर लवकर फिरतं. ते जमलं की भिंत. प्रमाणित तलावात तळाची काळी रेघ भिंतीच्या 2 मीटर आधी आडव्या पट्टीने संपते, अंतराचा अंदाज तिच्यावरून घ्या. मान वर करून भिंत पाहिली की पाय बुडतात आणि वेग जातो. पाय टेकले की पाठीवर असतानाच ढकला आणि कुशीवर वळत पालथे व्हा. कोलांटीतच पूर्ण पालथं व्हायची घाई केली तर दिशा चुकते. हात डोक्यामागे एकावर एक घट्ट ठेवा आणि बाहेर आल्यावर पहिल्या हाताला श्वास घेऊ नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही.

‘गरगरतं.’ सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं आणि सरावाने बहुतेकांचं कमी होतं. मात्र व्हर्टिगो, मानेचं किंवा कानाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. कमरेएवढ्या पाण्यात किंवा लेन गच्च भरलेली असतानाही नको.

‘भिंत धरून वळणं पुरेसं.’ ज्यांना टंबल शक्य नाही त्यांच्यासाठी पुरेसं आहे, पण तेही शिकावं लागतं. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारांत दोन्ही हात एकाच वेळी टेकवणं स्पर्धेच्या नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे हेच वळण लागतं. फ्रीस्टाइलमध्ये एक हात पुरे. कठड्यावर शरीर उचलून घेऊ नका. हात टेकताक्षणी गुडघे पोटाशी ओढा, एक हात पाण्याखालून पुढे न्या, दुसरा कानाजवळून, आणि डोकं पाण्यात गेल्यावरच पायांनी भिंत ढकला.