गंज वरवरचा नसतो: जुन्या फियाटच्या फॉरवर्डला उत्तर

मागच्या बुधवारी रात्री साडेदहाला ताईने घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला आणि खाली लिहिलं, "बघ नं, हे खरं आहे का? पोरगा उद्या बयाणा द्यायला निघाला."

पोरगा म्हणजे माझा भाचा. नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला आहे. दोन वर्षांत पोटाला चिमटा काढून एक लाख साठ हजार साठवले, आणि त्यातले नव्वद हजार तो डागा लेआउटच्या बाजूला एका बंगल्यामागे अकरा वर्षं उभ्या असलेल्या 1979 च्या पद्मिनीवर, म्हणजे जुन्या फियाट मोटारीवर, घालणार होता. हाच मजकूर मला याआधी तीन वेळा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न बोलता पुसून टाकला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी त्यातला आशय थोडक्यात. कुणाच्या अंगणात पडलेली फियाट म्हणजे सोनं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बंद झाल्यापासून तिची किंमत दर वर्षी दुप्पट होते. गंज ही नुसती वरची कातडी, पंचवीस हजारांत पुट्टी-रंग मारून गाडी नवी होते, फारच सडली असेल तर बॉडी बदलून टाका. विदर्भाच्या कोरड्या हवेत पत्रा सडत नाही. 50 वर्षं झाली की व्हिंटेज गाड्यांचा 'व्हीए' नंबर मिळतो, मग टॅक्स नाही, फिटनेस नाही, कुठेही फिरवा. पार्ट भंगारात किलोवर मिळतात. आणि कागद नसले तरी शंभराच्या स्टॅम्पवर शपथपत्र केलं की काम होतं.

किमतीचा मुद्दा आधी उरकतो. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती आणि 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली, हे खरं. त्यानंतर लोकांना या गाडीचा उमाळा आला, हेही खरं. पण दर वर्षी दुप्पट? दुप्पट होत असती तर विकणारा दोन वर्षं थांबला नसता का? ज्या गाड्यांना चांगला भाव येतो त्या चालत्या, कागद जिवंत असलेल्या, खालून धडधाकट असलेल्या गाड्या. त्यांचा भाव ऐकून गंजलेल्या सांगाड्याची किंमत ठरवायची, हा सरळ खोटेपणा आहे.

आता गंज. या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते पैशांच्याच नव्हे, जिवाच्याही मुळावर येतं.

जुन्या जीपला खाली वेगळी चेसिस असते. बॉडी त्या सांगाड्यावर बोल्टने बसवलेली. बॉडी सडली तर उचलून दुसरी ठेवता येते. फियाट 1100 च्या घराण्यातल्या पद्मिनीला अशी वेगळी चेसिस नाही. ॲम्बेसेडरलाही नाही. तिथे पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पेटीसारखा पोकळ पट्टा असतो, गाडीचा उंबराच म्हणा. तो उंबरा, तळाचा पत्रा, दाराचे खांब आणि मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे अडकवलेले असतात त्या जागा, एवढ्यांवर अख्ख्या गाडीचा भार असतो. यातलं काही सडलं तर गाडी मधोमध वाकते. उद्या वर्धा रोडवर ट्रकच्या मागे जोरात ब्रेक मारावा लागला, तर आत बसलेल्यांना धरून ठेवायला तोच पत्रा आहे, दुसरं काही नाही.

गंज बाहेरून आत जातो असं लोकांना वाटतं. पोकळ भागात तो बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. पाणी शिवणीतून आत शिरतं, चिखल पाणी निघायची भोकं बुजवतो, पाणी साचून राहतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली फुगवटा येतो. तुम्हाला रुपयाएवढा फोड दिसतो तेव्हा आतला तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो. त्यावर पुट्टी भरली की काय होतं? पुट्टी ओल धरते. मागचा गंज चालूच राहतो, फक्त आता दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर पुट्टीसकट तुकडा हातात येतो.

कोरड्या हवेचं अर्धसत्य मान्य करतो, मन मारून का होईना. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीपेक्षा आयुष्यभर नागपुरात चाललेल्या गाडीचा पत्रा साधारणपणे बरा असतो. पण चाललेल्या, आणि शेडमध्ये राहिलेल्या. उघड्यावर उभ्या गाडीचं इथलं ऊनच वैरी आहे. 47 अंशांपर्यंत पारा जातो, मे अखेरच्या नवतप्यात काचांचं रबरी बिडिंग वाळून तडकतं, आणि जुलैत तिथूनच पाणी आत झिरपतं. खाली रबरी मॅट, मॅटखाली नमदा. तो नमदा दिवाळीपर्यंत ओला असतो. वरून गाडी कोरडी ठणठणीत, खाली तळ कुजतोय.

आणि नागपूर म्हणजे कोरडं शहर असं म्हणणाऱ्याने 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवावी. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नागनदी घरांत शिरली. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, झाशी राणी चौक, सगळीकडे गाड्या पाण्यात होत्या. भाच्याने पसंत केलेली गाडी तेव्हा तिथेच उभी होती. हा हिशेब ना त्याच्या डोक्यात आला, ना विकणाऱ्याने सांगितला.

मी भाच्याला बयाण्यापासून थांबवलं आणि रविवारी त्याच्याबरोबर गेलो. सोबत जॅक, पेचकस, फ्रिजला लावतात तसलं एक लोहचुंबक आणि माझ्या ओळखीचे, पत्र्याचं काम करणारे एक डेंटर काका. लाल रंग नुकताच मारलेला, लांबून गाडी सुरेख दिसत होती. भाचा म्हणाला, "मामा, गंज तं वरवरचाच आहे." मी चुंबकाला पातळ फडकं गुंडाळलं आणि उंबऱ्यावरून फिरवलं. पुढच्या चाकाजवळ चिकटलं, दाराच्या मध्यापासून मागे घसरून पडलं. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. मालकाला विचारून खालच्या बाजूने पेचकस टेकवला, जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. काढला तर सोबत वाळलेला काळा गाळ आला. आतलं दाराचं पॅनल सैल होतं, त्यावर तळापासून वीतभर उंचीवर मातीची सरळ रेघ. पुराचं पाणी कुठवर होतं ते गाडीनेच लिहून ठेवलं होतं.

मग काकांनी तळाला लाकडी ठोकळा देऊन जॅक थोडासा उचलला आणि भाच्याला दार उघडायला सांगितलं. दार अडकलं. जॅक खाली केल्यावर उघडलं. बॉडी वाकत होती. त्या पोराचा चेहरा मला बघवला नाही.

काकांचा अंदाज: दोन्ही उंबरे, तळाचा पुढचा अर्धा भाग आणि मागच्या पाट्यांच्या जागा मिळून एक लाख दहा हजार, रंग सोडून, आणि उघडल्यावर आकडा वाढणारच. कारण सडक्या पत्र्याच्या काठावर वेल्डिंग धरत नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जावं लागतं. उंबरा कापण्याआधी दारांच्या चौकटींना आतून लोखंडी आधार द्यावे लागतात, नाहीतर बॉडी बसते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. हे काम पंचवीस हजारांत करतो म्हणणारा माणूस पुट्टीच भरणार आहे.

हे मी अनुभवाने सांगतोय. 2011 मध्ये मी 1982 ची पद्मिनी चाळीस हजारांत घेतली. आमच्या बाबांनी अशाच गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली होती. तिच्या स्टिअरिंगजवळच्या गिअरवर मी गाडी शिकलो. जीव होता तिच्यावर, म्हणून खाली वाकून बघितलंच नाही. चार वर्षांत तीन लाख दहा हजार गेले. पहिल्या गॅरेजवाल्याने मला न विचारता सडक्या पत्र्यावर पत्रा ठोकून वर काळा रंग फासला होता, ते दुसऱ्याने कापून काढलं, म्हणजे एकाच कामाचे पैसे मी दोनदा दिले. शेवटी गाडी एक लाख चाळीस हजारांना गेली. मुलीची अकरावीची फी त्या वर्षी मला उसनी घ्यावी लागली.

व्हीए नंबरबद्दल तर इतकं खोटं पसरलंय की मूळ अधिसूचनाच पुढे ठेवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय, 15 जुलै 2021, जी.एस.आर. 492(ई). कुणालाही वाचता येते. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेल्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी-चारचाकींना ती लागू. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. विमा लागतोच. आणि 'कुठेही फिरवा' तर त्यात नाहीच, उलट नेहमीच्या वापराला साफ मनाई आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. भाचा ती घेऊन रोज मिहानला जाणार होता.

त्याच अधिसूचनेत आणखी एक अट आहे, जिच्याकडे कुणी बघत नाही. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे तळ आणि उंबरे इतके गेले की दुसऱ्या गाडीची बॉडी आणून बसवली, तर व्हिंटेजचा दावाच अडचणीत येतो. हा मजकूर एका ओळीत 'बॉडी बदलून टाका' सुचवतो आणि दुसऱ्या ओळीत व्हीए नंबरचं आमिष दाखवतो. वयाचा हिशेब तर शाळकरी पोरालाही जमेल: 1979 ची गाडी 2029 मध्ये पन्नाशीची होईल. बाजारात फिरणाऱ्या बहुतेक पद्मिनी ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आहेत. तोवर त्यांना साधाच नियम: पहिली 15 वर्षं, मग दर 5 वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. 2022 पासून नूतनीकरणाची फी 5,000 झाली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये 20 वर्षांपुढच्या मोटारींसाठी 10,000. आणि तपासणी करणारा अधिकारी खाली वाकला तर सडका उंबरा पास करेल का?

पार्टचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. इंजिन साधं, 1089 सीसीचं. जाम असलं तरी उघडून करणारे मिस्त्री आहेत, आणि टॅक्सींमुळे मुंबईत त्याचे पार्ट वर्षानुवर्षं मिळत राहिले. म्हणून इंजिन बंद आहे एवढ्यावरून गाडी नाकारू नका. पण काचा, क्रोम, बिडिंग, दारांचे मूळ पत्रे यांसाठी मुंबई-दिल्लीच्या खेपा होतात. पेट्रोलची टाकीही आतून बघा. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं आणि अशा टाकीतला गंज वाढवतं, जुने रबरी पाइपही खातं.

कागदांबद्दल एवढंच: शपथपत्राने आरसी जन्माला येत नाही. हस्तांतरणाला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, मालक वारला असेल तर वारसाने फॉर्म 31. आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रत नोंदणीकृत मालकालाच मिळते. तीन अक्षरांचे जुने नंबर पुष्कळदा ऑनलाइन नोंदीत चढलेलेच नसतात. आधी ज्या आरटीओची गाडी आहे तिथल्या रजिस्टरमध्ये ती सापडते का ते पाहा आणि बॉडीवरचा चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबरच्या जागी गंज असेल तर तिथून परत फिरा.

माझा जुन्या गाड्यांना विरोध नाही. दाराचा खालचा कोपरा गेलाय, डिकीच्या तळाला भोक आहे, मडगार्ड फुगलंय, पण उंबरे, खांब आणि पाट्यांच्या जागा ठणठणीत आहेत, कागद चालू आहेत, तर घ्या. आधी डेंटरचा आकडा घ्या, मग मालकाशी भाव बोला.

भाच्याने बयाणा दिला नाही. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. काल रात्री त्याने काटोल रोडवरच्या एका 1987 च्या पद्मिनीचे फोटो पाठवले: रंग उडालेला, सीट फाटलेली, पण गाडी आठवड्यातून एकदा चालते, आरसी 2028 पर्यंत. वीस फोटोंपैकी चौदा गाडीच्या खालून काढलेले आहेत. रविवारी जॅक घेऊन जातोय.