वायर उलटल्या म्हणून मोटर उलटी फिरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कूलरच्या स्विंग मोटरचे (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) फेज-न्यूट्रल अदलाबदल केल्याने तिची दिशा ठरत नाही, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर तुमचा आक्षेप असा की, तुम्ही दोन्ही वायर उलट जोडल्या आणि मोटर खरोखर उलटी फिरली. ती फिरली असणारच. पण वायरला हात न लावता नुसता स्विच बंद-चालू केला असतात, तरी कधीतरी ती तशीच फिरली असती. दहा-पंधरा वेळा करून पाहा, दर वेळी मोटर पूर्ण थांबू द्या.

सिंगल फेजच्या एकट्या कॉइलचे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होत राहते. गणिताने पाहिले तर ती विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज असते. या मोटरचा कायम चुंबकाचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, सुरुवातीला थरथरतो आणि ज्या क्षेत्राशी त्याची गती जुळते त्याच्यामागे जातो. कोणाशी जुळेल, हे रोटर कुठे थांबला होता आणि स्विच दाबला तेव्हा एसीची लाट कुठे होती यावर ठरते. वायर उलटल्याने लाट अर्ध्या सायकलने सरकते, म्हणजे 50 हर्ट्‌झला फक्त 10 मिलिसेकंद. हाताने स्विच दाबताना तेवढा फरक पडतोच.

वेग मात्र पक्का असतो: 120 गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले मोटरच्या चुंबकीय ध्रुवांची संख्या. 12 ध्रुवांना 500 आरपीएम (मिनिटाला फेरे), पुढे 100 ला 1 गिअर असेल तर 5. लेबलवर 5/6 छापतात ते 50 आणि 60 हर्ट्‌झसाठी.

एकच दिशा हवी असेल तर आत खिटी असलेली मोटर घ्यावी लागते. रोटर चुकीकडे निघाला की खिटीला आपटून परत फिरतो. दुसरा प्रकार दोन कॉइल आणि कपॅसिटरचा, तीन वायरींचा. तिथे कपॅसिटर कोणत्या कॉइलच्या सिरीजमध्ये येतो त्यावर दिशा ठरते, आणि कपॅसिटर गेला की पुन्हा भरवसा नाही. तुमच्या मनात बहुधा थ्री फेज मोटर असावी: तिथे कोणतेही दोन फेज बदलले की दिशा नक्की उलटते.

कूलरच्या झडपांना ही दिशा लागतही नाही. शाफ्टवरचा क्रँक (झडपांची दांडी ढकलणारा आडवा तुकडा) कुठूनही फिरला तरी झडपा दोन्हीकडे हलतात. मोटर चालता चालता मध्येच उलटत असेल तर प्लग काढून झडपांची दांडी सुटी करा आणि झडपा कुठे अडकतात ते पाहा. मोटरचा शाफ्ट मात्र हाताने जोर लावून फिरवू नका, आतल्या गिअरचे दात तुटतात.